दुर्बीण इंचांत मोजू नये

हौशी आकाशनिरीक्षक पहिली भिंगाची दुर्बीण घ्यायला निघाला की त्याची तुलना भिंगाच्या व्यासापासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते. साठ मिलिमीटरपेक्षा ऐंशी बरी, ऐंशीपेक्षा शंभर बरी. या सवयीला भक्कम इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात वेधशाळांची चढाओढ व्यासावरच चालली होती. जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने घडवलेली डोर्पाट वेधशाळेची दुर्बीण १८२४ साली २४ सेंटिमीटरची होती, १८८८ मध्ये लिक वेधशाळेची ९१ सेंटिमीटरची आली आणि १८९७ मध्ये यर्क्सची १०२ सेंटिमीटरची. पाहणारा माणसाचा डोळा होता तोवर हे गणित बरोबरच होते, कारण रुंद भिंगातून प्रकाश जास्त येतो आणि तपशील बारीक दिसतो. पण आज आकाशाचे फोटो काढण्यासाठी विकत घेतली जाणारी लहान दुर्बीण या थोरल्या दुर्बिणींची धाकटी आवृत्ती नाही. तिचा वंश अर्धा काचेच्या भट्टीतून आणि अर्धा फोटो स्टुडिओतून आलेला आहे. म्हणून लहान दुर्बिणींची तुलना करताना आधी काच आणि नाभीअंतर पाहावे, व्यास त्यानंतर, असे माझे म्हणणे आहे.

काचेची अडचण पहिल्या दुर्बिणीइतकीच जुनी आहे. साध्या क्राउन काचेचे एक मीटर नाभीअंतराचे एकच भिंग घेतले, तर तांबडा आणि निळा प्रकाश जिथे एकवटतात त्या दोन जागांमध्ये पंधरा-सोळा मिलिमीटरचे अंतर पडते. एक रंग नीट जुळवावा तर दुसरा ताऱ्याभोवती पसरतो. सतराव्या शतकातल्या लोकांनी यावर लांबीचा उपाय काढला, कारण व्यासाच्या मानाने नाभीअंतर वाढवत नेले की हा रंगदोष डोळ्याला कमी जाणवतो. डान्झिगच्या हेवेलियसने त्या पायी दीडशे फूट लांबीची दुर्बीण उंच खांबाला टांगली. ती वाऱ्याने हलायची आणि लाकडाला बाक यायचा. हा दोष भिंगातून जाणारच नाही अशी न्यूटनची खात्री झाली आणि तो आरशाकडे वळला. १७३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये चेस्टर मूर हॉलने क्राउन आणि शिसेयुक्त फ्लिंट या दोन काचांची जोडी लावून न्यूटनला चुकीचे ठरवले. १७५८ मध्ये जॉन डॉलंडने त्याच कल्पनेचे पेटंट घेतले आणि अॅक्रोमॅट बाजारात आला. मीटरभर नाभीअंतरावर सोळा मिलिमीटरची चूक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर आली. पण निर्दोष फ्लिंट मिळेना. वितळलेल्या काचेत शिसे खाली बसायचे, थरांत फरक पडायचा आणि भिंगात शिरा उमटायच्या. स्वित्झर्लंडच्या पिएर-लुई गिनाँने भाजलेल्या मातीच्या दांड्याने वितळलेली काच सतत ढवळत राहण्याची युक्ती काढली. तो पुढे बव्हेरियात गेला, तिथे फ्राउनहोफर त्याच्याकडून ही विद्या शिकला आणि डोर्पाटचे भिंग शक्य झाले. मोठ्या भिंगांची सगळी गोष्ट त्या मातीच्या दांड्यापासून सुरू होते.

यावर डोळ्याने पाहणारा म्हणेल की उरलेल्या अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते? त्याचे म्हणणे खरे आहे. शिकागोच्या कोर्टात लघुलेखकाचे काम करणाऱ्या शेरबर्न बर्नहॅमने १८७० च्या दशकात अमेरिकी भिंगकार क्लार्क यांच्या सहा इंची दुर्बिणीतून चारशेहून अधिक नवे जोडतारे शोधले. जोडतारे आणि ग्रह डोळ्याने पाहायचे असतील, तर लांब नाभीअंतराचा जुन्या धाटणीचा अॅक्रोमॅट आजही उत्तम काम देतो आणि तिथे व्यासाचा आग्रह रास्त आहे. पण फोटोची काच डोळ्यासारखी नसते. त्या काळच्या प्लेटला निळा-जांभळा प्रकाश सर्वांत जास्त जाणवे आणि डोळ्यासाठी जुळवलेल्या भिंगात नेमका तोच रंग भरकटलेला असे. लिकच्या प्रचंड दुर्बिणीतून फोटो काढायचा तर पुढे ८४ सेंटिमीटरचे आणखी एक भिंग बसवावे लागे. डोळ्याने माफ केलेली चूक प्लेटने माफ केली नाही.

व्यासाच्या हिशेबाला सर्वांत मोठे उत्तर त्याच लिक वेधशाळेत, हॅमिल्टन पर्वतावर मिळाले. एडवर्ड बर्नार्ड नॅशव्हिलच्या गरीब घरातला, लहानपणीच फोटो स्टुडिओत कामाला लागलेला. १८९२ च्या सप्टेंबरात त्याने ९१ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून नुसत्या डोळ्याने गुरूचा पाचवा चंद्र शोधला. ते काम लहान दुर्बिणीचे नव्हतेच. पण त्याच डोंगरावर त्याच्याकडे सहा इंचांचे आणखी एक भिंग होते, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका स्टुडिओत माणसांचे चेहरे टिपण्यासाठी वापरलेले. ही जात पेट्झवालची. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या या गणितज्ञाने मंद प्लेटवर माणसाचा फोटो झटपट निघावा म्हणून व्यासाच्या मानाने आखूड नाभीअंतराचे भिंग रचले होते. बर्नार्डच्या भिंगाचे नाभीअंतर सुमारे ७९ सेंटिमीटर होते, म्हणजे आजच्या भाषेत जवळपास एफ-५. पसरट, अंधूक गोष्टीचे प्लेटवरचे तेज व्यासावर ठरत नाही, ते नाभीअंतर आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. लिकची थोरली दुर्बीण एफ-१९ होती, त्यामुळे तेजोमेघाचा प्रकाश या स्टुडिओतल्या भिंगाखाली प्लेटच्या तेवढ्याच जागेवर बारापटींहून अधिक पडत होता, आणि शिवाय त्यात आकाशाचे कित्येक अंश मावत होते. बर्नार्ड तासन् तास मार्गदर्शक दुर्बिणीतल्या ताऱ्यावर नजर ठेवून हाताने दुर्बीण वळवत राहिला आणि प्लेटवर आकाशगंगेतले काळे पट्टे उतरले. ज्येष्ठाजवळचे निळसर मेघ आणि त्यांतून निघालेल्या अंधाऱ्या वाटा अशाच टिपल्या गेल्या. १८९२ च्याच ऑक्टोबरात याच भिंगाने एक धूमकेतू पकडला. फोटोवरून सापडलेला तो पहिला धूमकेतू.

इंच किती फसवे असतात याचा दुसरा पुरावा आपल्याच मुलखात आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांची तुकडी विजयदुर्गावर होती, तर सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे नायगमवाला आणि लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी तळ ठोकला होता. कॅम्पबेलने आणलेले भिंग पाच इंची, बर्नार्डच्या भिंगाहून इंचभर लहानच. पण त्याचे नाभीअंतर चाळीस फूट. त्यामुळे प्लेटवर सूर्याचे बिंब अकरा सेंटिमीटरहून मोठे पडले आणि प्रभामंडलाचे तंतू वेगवेगळे दिसू शकले. बर्नार्डच्या भिंगाने तेच बिंब सात मिलिमीटरचे दिले असते. व्यास जवळजवळ सारखा, पण एक यंत्र सूर्याच्या कडेवरचे बारकावे दाखवण्यासाठी आणि दुसरे आकाशगंगेची रुंदी टिपण्यासाठी. व्यासाच्या आकड्यावरून हा फरक कुणाला कळला असता?

आजच्या लहान दुर्बिणीत आखूडपणा बर्नार्डचा आहे आणि रंगशुद्धी नव्या काचेची. आबे आणि शॉट यांनी १८८४ मध्ये येना येथे काचेची प्रयोगशाळा काढली आणि दोनच वर्षांत आबेने सूक्ष्मदर्शकात फ्लोराइटचे स्फटिक वापरून उरलेला रंगही जवळपास घालवला. पण निसर्गात मिळणारे स्वच्छ स्फटिक इवलेसे होते. कृत्रिम फ्लोराइट वाढवून कॅननने १९६९ मध्ये ३०० मिलिमीटरची कॅमेरा लेन्स विकायला काढली, पुढे ताकाहाशीने ते दुर्बिणीत आणले आणि ओहारासारख्या काच कारखान्यांनी त्याच्या जवळ जाणारी ईडी काच बनवली. रंग किती कमी पसरतो हे सांगणारा आबेचा अंक साध्या क्राउनला ६४ च्या आसपास असतो, ओहाराच्या ईडी काचांपैकी एफपीएल-५१ ला ८१ च्या पुढे, आणि एफपीएल-५३ व फ्लोराइट दोन्हींना ९५ च्या जवळ. त्यामुळेच ऐंशी मिलिमीटरची एफ-६ दुर्बीण आज ताऱ्याभोवती जांभळे वलय न आणता फोटो काढते. तेच जुन्या अॅक्रोमॅटला करायचे तर नाभीअंतर दुपटीहून अधिक न्यावे लागेल आणि छायाचित्रणाचा सगळा फायदा जाईल. मात्र नळीवर छापलेले काचेचे नावही व्यासाइतकेच अर्धवट माहिती देते. जोडीची दुसरी काच कोणती, भिंगे दोन की तीन, एफ किती आणि घासकाम कसे, यावर निकाल ठरतो. एफपीएल-५१ ची एफ-७ ला नीट जमवलेली जोडी एफपीएल-५३ च्या घाईने घडवलेल्या एफ-५.५ जोडीपेक्षा स्वच्छ चित्र देऊ शकते.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. तेवढ्याच रुपयांत दोनशे मिलिमीटरचा आरसा मिळतो, त्याला रंगदोष मुळीच नाही, मग भिंग का? आकाशात काय टिपायचे यावर उत्तर अवलंबून आहे. साडेतेवीस मिलिमीटर रुंद सेन्सरवर हजार मिलिमीटर नाभीअंतराचा आरसा आकाशाचा सव्वा ते दीड अंश देतो, तर ४८० मिलिमीटरची लहान दुर्बीण पावणेतीन अंश. देवयानी दीर्घिका तीन अंशांची. आरशात तिचा गाभा येतो, भिंगात ती जवळजवळ सबंध. आखूड नाभीअंतरावर दुर्बीण वळवणाऱ्या यंत्रणेची चूक निम्म्याहून कमी दिसते, आरसा पुन्हा पुन्हा जुळवावा लागत नाही, आणि पूर्ण संच खांद्यावर घेऊन मुंबईच्या उजेडातून वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी जाता येते. ग्रहांसाठी मात्र आरसाच घ्यावा, तिथे भिंगाची वकिली करण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप नवा आहे. काळ्या-पांढऱ्या सेन्सरसमोर हायड्रोजन किंवा ऑक्सिजनचा एकच रंग सोडणारा फिल्टर लावला, तर महाग काचेची गरज काय? तेवढ्या कामापुरती ती खरोखर कमी होते आणि फिल्टरगणिक फोकस पुन्हा जुळवला की साधे भिंगही चालते. पण ज्येष्ठाजवळचा निळसर मेघ हा ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश आहे, तो कुठल्याही एका रंगात सापडत नाही. त्याच्यासाठी सगळा वर्णपट एका बिंदूवर आणणारी काचच लागते.