दोन भोपळ्यांची सांगड आणि पाण्यावरची शर्यत

'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. धर्म आणि विज्ञानाची सांगड, नोकरी आणि संसाराची सांगड, उत्पन्न आणि खर्चाची सांगड. पण सांगड ही मुळात पाण्यावरची वस्तू आहे, हे आता फार कमी लोकांच्या लक्षात असतं. दोन होड्या किंवा दोन कोरलेले ओंडके शेजारी ठेवायचे आणि आडव्या लाकडांनी एकमेकांना बांधायचे, की झाली सांगड. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा अर्थ नोंदलेला आहे. पोहण्यासाठी एकत्र बांधलेले दोन वाळके भोपळे, हाही त्यातलाच एक अर्थ.

आज जगभर याच रचनेला 'कॅटामरान' म्हणतात. मुंबई, गोवा, चेन्नईच्या किनाऱ्यावर किंवा परदेशातल्या एखाद्या तळ्यात सुट्टीच्या दिवशी सेलिंग क्लबांच्या मैत्रीपूर्ण शर्यती होतात. त्यांना रेगाटा म्हणतात. त्यात रंगीत शिडांच्या, दोन अंगांच्या चिमुकल्या होड्या पाण्याला जेमतेम शिवत पळताना दिसतात. हा श्रीमंतांचा, गोऱ्यांचा खेळ, असा आपला समज आहे. खेळाचे नियम त्यांचे आहेत, हे खरंच. पण ज्या वस्तूवर बसून तो खेळला जातो, तिचा इतिहास आपल्या दाराशी येऊन पोचतो.

मी ज्या भागातून लिहितो आहे, तो शिरूर-दौंडचा पट्टा समुद्रापासून लांब आहे. नद्यांपासून मात्र नाही. शिरूरला घोड आहे. गावाचं जुनं नावच घोडनदी. ती पुढे भीमेला मिळते. दौंड भीमेच्या काठावरच वसलेलं आहे. पुण्याची मुळा-मुठाही शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते. दौंड तालुक्यातल्या शिरापूरहून पलीकडच्या सिद्धटेकला जायला पूल होण्याआधी होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. गणपतीच्या दर्शनाला निघालेला भाविक असो की पलीकडच्या बाजाराला निघालेला आमच्यातला एखादा बागवान, दोघांचा जीव होडी वल्हवणाऱ्या भोयाच्या हातात. नदी ओलांडताना कुणी कुणाची जात-जमात विचारत बसत नसे.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची पिढी विहिरीत आणि डोहात पोहायला शिकली ती पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून. माझ्या पिढीला भोपळ्याऐवजी पत्र्याचा डबा मिळाला. एका भोपळ्यावर माणूस कलंडतो, दोन भोपळे थोडं अंतर ठेवून बांधले की स्थिरावतो. कॅटामरानमागचं सगळं विज्ञान एवढंच आहे. एकाच रुंद होडीला स्थिर करायचं तर ती जड करावी लागते. दोन अरुंद होड्यांना फक्त एकमेकींपासून लांब ठेवावं लागतं. वजन वाढवण्याऐवजी अंतर वाढवायचं.

या वस्तूचा लेखी पुरावा पार इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत जातो. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जहाजांची नोंद आहे. त्यात अखंड लाकडं एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नौकांना 'संगारा' म्हटलं आहे. अभ्यासक या शब्दाचं नातं सांगड आणि तिच्या दक्षिणेतल्या भावंड-शब्दांशी जोडतात. 'कॅटामरान' हा शब्दही तिकडचाच. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम्' म्हणजे लाकूड. विल्यम डॅम्पियर या इंग्रज खलाशाने कोरोमंडल किनाऱ्यावरचे असे तराफे पाहिले आणि 1697 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात हा शब्द नोंदवला. खरा कट्टुमरम् म्हणजे ओंडक्यांचा तराफा, आणि दोन अंगांची होडी ही सांगड. इंग्रजीने नाव तमिळ तराफ्याचं उचललं आणि लावलं ते सांगडीला.

युरोपला ही कल्पना पचायला वेळ लागला. आयर्लंडमध्ये विल्यम पेटी या विद्वानाने 1660 च्या दशकात दोन तळांची जहाजं बांधली. त्याच्या जहाजाने 1663 साली डब्लिनच्या उपसागरात शर्यत जिंकली, तरी लोक हसले. पुढे त्याचं एक जहाज वादळात बुडालं आणि विषय मागे पडला. 22 जून 1876 रोजी न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनियल हेरशॉफ याने 'अ‍ॅमरिलिस' नावाची दोन अंगांची होडी उतरवली. तिने भल्याभल्या एकअंगी होड्यांना मागे टाकलं. हरलेल्यांनी तक्रार केली आणि अ‍ॅमरिलिसला बाद ठरवण्यात आलं. त्यानंतर कित्येक दशकं या होड्यांना प्रतिष्ठित शर्यतींचे दरवाजे बंदच राहिले.

ते उघडले ते समुद्रकिनाऱ्यावरच्या साध्या लोकांमुळे. कॅलिफोर्नियात लाटांवरच्या फळ्या बनवणाऱ्या होबी आल्टरने 1960 च्या दशकाच्या शेवटी छोटी, स्वस्त आणि वाळूवरून ढकलत पाण्यात नेता येईल अशी कॅटामरान बाजारात आणली. तिच्या 'होबी 16' या रूपाने जगभरातले क्लब भरून गेले. ही होडी सुमारे 5 मीटर लांब, 2.4 मीटर रुंद आणि अवघी 145 किलोची. दोन माणसं ती चालवतात. पाण्याखाली खोल जाणारी फळी तिला नाही. त्यामुळे गुडघाभर पाण्यातही ती तरंगते आणि थेट काठाला लागते. ऑलिम्पिकमध्ये 'टॉर्नेडो' ही कॅटामरान 1976 ते 2008 पर्यंत होती. 2016 पासून 'नॅक्रा 17' आहे, आणि तिच्यात एक पुरुष व एक स्त्री अशीच जोडी लागते. 2023 साली हांगझोऊमध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत या प्रकारात सिद्धेश्वर डोईफोडे आणि रम्या सरवणन ही जोडी भारताकडून उतरली होती. त्याच स्पर्धेत इबाद अली याने शिडाच्या फळीवर, म्हणजे विंडसर्फिंगमध्ये, कांस्यपदक मिळवलं.

ही शर्यत चालते कशी? एका बाजूला पंचांची नाव आणि दुसऱ्या बाजूला तरंगता बोया, यांच्यामधली काल्पनिक रेषा म्हणजे सुरुवात. पाच मिनिटं आधी पहिला इशारा, मग चार मिनिटांचा, मग एका मिनिटाचा. होड्या थांबून राहू शकत नाहीत, त्यामुळे या पाच मिनिटांत सगळे रेषेमागे घिरट्या घालत असतात. पहिला बोया बहुधा वाऱ्याच्या दिशेला असतो. कुठलीही शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. घाट चढावा तसं नागमोडी जावं लागतं. इथे कॅटामरानचं दुखणं उघडं पडतं. सरळ रेषेत ती वाऱ्यासारखी पळते, पण वळताना दोन्ही अंगं पाण्याला धरून बसतात. घाई केली तर होडी वाऱ्याकडे तोंड करून अडकते आणि मागचे सगळे पुढे निघून जातात. जोराच्या वाऱ्यात एक अंग पाण्याबाहेर उचललं जातं. तेव्हा दोघं जण डोलकाठीला बांधलेल्या तारेच्या आधाराने बाहेर लटकतात आणि स्वतःच्या वजनाने होडी तोलतात. एकाने चूक केली तर दोघंही पाण्यात.

आणि नियम? समोरासमोर आल्यावर ज्याच्या उजव्या बाजूने वारा येतो आहे, त्याला वाट द्यायची. होडी कितीही महाग असो, वाट द्यावीच लागते. क्लबच्या शर्यतीत दर होडीमागे पंच नसतो. नियम मोडणाऱ्याने स्वतःहून जागच्या जागी गोल फिरून शिक्षा भोगायची असते. मला हा भाग सगळ्यांत जास्त आवडतो. कुणी उलटलं तर स्पर्धा सोडून मदतीला जाणं हा तर नियमांतला पहिलाच नियम आहे.

आता जरा आपल्या भाषेकडे वळू. या खेळाचं वर्णन मराठीत करायला बसलं की कुठले शब्द हाताशी येतात? सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून आलं. जहाज, खलाशी अरबी. बंदर, दर्या फारसी. नाखवा म्हणजे फारसी 'नाखुदा', जहाजाचा धनी. सारंग म्हणजे 'सरहंग'. आपण ज्या वाऱ्यांना 'मोसमी' म्हणतो, तो शब्द अरबी 'मौसिम'चा. त्यातूनच इंग्रजीने मान्सून घेतला. त्याच वेळी शीड, डोलकाठी, वल्हं, सांगड हे शब्द इथलेच. एकाच होडीवर ही दोन्ही घराणी शेजारी बसलेली आहेत. अल-मसूदी हा अरब प्रवासी 916 साली सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. सल्तनती येण्याच्या कितीतरी आधी हे शब्द व्यापाराच्या वाऱ्यावर इथे उतरले होते. पुढे शुद्धीकरणाच्या नावाखाली मराठीतून अरबी-फारसी शब्द काढण्याच्या मोहिमा झाल्या. कोळीवाड्यातला नाखवा मात्र नाखवाच राहिला.

माणसांचंही तसंच. सभासद बखर शिवाजी महाराजांच्या आरमाराचे दोन सुभेदार सांगते: एक दर्यासारंग, मुसलमान आणि दुसरा मायनाक भंडारी. 1679 साली खांदेरीच्या लढाईत मराठ्यांच्या आरमाराचं नेतृत्व दौलतखानाकडे होतं. समोर इंग्रज होते आणि त्यांच्या मदतीला जंजिऱ्याचा सिद्दी. 18 ऑक्टोबरच्या झुंजीत इंग्रजांचं 'डव्ह' हे गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. उथळ तळाच्या, हलक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्या रसद घेऊन बेटावर पोचत राहिल्या. इंग्रजांच्या जड जहाजांना मात्र वारा पडला की हलता येत नसे. हलकं आणि उथळ असण्याचा हा फायदा होबी 16 पर्यंत तसाच चालत आला आहे. ज्यांना या लढाईत धर्मयुद्ध पाहायचं आहे, त्यांची दोन्ही बाजूंचे मुसलमान मोजताना अडचण होते.

मग आपण या खेळातून बाहेर कसे पडलो? रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा. इंग्रजी अमलात तिथे भारतीयांना सभासदत्व नव्हतं. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी 1868 साली बोट क्लब निघाला आणि पुढे ड्यूक ऑफ कॉनॉटच्या नावाने 'रॉयल कॉनॉट' झाला. पाणी तेच, जे पुढे आमच्या भीमेला मिळतं. पण घाटावर होडी चालवणारा भोई, किनाऱ्यावरचा कोळी, रत्नागिरीकडचा दालदी मुसलमान यांचं त्या पाण्यावरचं स्थान मजुराचं. वाऱ्याचं ज्ञान त्यांच्याकडे, चषक दुसऱ्यांकडे. स्वातंत्र्यानंतर क्लबांचे दरवाजे उघडले. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुलं शीड हाताळायला शिकू लागली. तरी ते शिक्षण नदीकाठच्या गावात उतरलं नाही.

याची किंमत काय असते, ते 21 मे 2024 रोजी दिसलं. करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीच्या पाण्यात सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं आणि नदीचं जलाशय झालं. त्याचा फुगवटा दौंड तालुक्याच्या पूर्व टोकापर्यंत येतो. घाटावरच्या भोयाला नदी कळत होती. पण मैलभर उघड्या पाण्यावर मे महिन्याच्या वळवाचा वारा काय करतो, हे वेगळं शास्त्र आहे. ते आपल्याला कुणी शिकवलं नाही, आणि आपणही मागितलं नाही.

मैत्रीपूर्ण रेगाटाकडे मी म्हणूनच चैन म्हणून पाहत नाही. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तिथे कुणाला पाण्यात सोडत नाहीत. ढग पाहून शर्यत रद्द करणं ही तिथे नामुष्की नसते. बचावाची मोटरबोट आधी पाण्यात उतरते, स्पर्धक नंतर. उलटलेली होडी सरळ कशी करायची, हा तिथला पहिला धडा असतो. दहा-बारा वर्षांची मुलं हे खेळता खेळता शिकतात आणि जन्मभर विसरत नाहीत. उजनीच्या फुगवट्यावर उथळ पाणी आहे, वारा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेल्या भोयांची पोरं आहेत. भिगवणजवळ तीच पोरं आज पर्यटकांना रोहित पक्षी दाखवतात. त्यांच्या हाती दोन अंगांची एक हलकी होडी द्यायला किती खर्च येईल? आपल्याकडे एका मिरवणुकीच्या डीजेवर जेवढा उडतो, त्या हिशेबात तो बसवून पाहायला हरकत नाही.

दौंडच्या पलीकडे श्रीगोंद्याला शेख महंमदांची समाधी आहे. सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे हे सूफी संत. त्यांच्या दारात दोन्ही समाजांची माणसं आजही जातात. त्यांच्याबद्दल बोलताना वक्ते हमखास 'सांगड' हा शब्द वापरतात आणि टाळ्या घेतात. शब्द बरोबर आहे, पण सांगड सभागृहात तरंगत नाही. तिला पाण्यात उतरवावं लागतं, आणि तिच्यावर दोघं जण लागतात.