शुक्राचं शून्य

‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ यांत फरक असतो, हे मी नोकरीत एका रात्रीच्या जागरणातून शिकलो. बंद पडलेल्या सेन्सरच्या रिकाम्या नोंदी माझ्या कोडने शून्य म्हणून मोजल्या होत्या. त्यामुळे शुक्राच्या चुंबकत्वाच्या शोधाचा इतिहास वाचताना पहिल्याच शून्यापाशी थबकलो.

१४ डिसेंबर १९६२ रोजी अमेरिकेचं मरिनर-२ शुक्राजवळून गेलं. त्याच्या मॅग्नेटोमीटरला ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र जाणवलं नाही. पण यान सुमारे ३५,००० किलोमीटर दूर होतं. पृथ्वीसारखं जोरदार क्षेत्र असतं तर तिथेही कळलं असतं. क्षीण असतं तर नाही. म्हणजे निष्कर्ष एवढाच: असलंच तर फार मोठं नाही.

ऑक्टोबर १९६७मध्ये दोन यानं लागोपाठच्या दिवशी पोचली. १८ तारखेला सोव्हिएत व्हेनेरा-४ थेट खाली उतरू लागलं. श्माया दोल्गिनॉव्ह यांच्या गटाचा मॅग्नेटोमीटर पृष्ठभागापासून सुमारे २०० किलोमीटर उंचीपर्यंत मोजत राहिला. १९ला अमेरिकेचं मरिनर-५ बाजूने गेलं. ग्रहाचं स्वतःचं म्हणावं असं क्षेत्र सापडलं नाही, पण शुक्रासमोर सौर वाऱ्याची शॉक वेव्ह मात्र सापडली. वेगात जाणाऱ्या होडीपुढे पाणी उसळावं तशी. मग चुंबक नसताना वारा अडवतंय कोण?

नीट उत्तर मिळालं ते पायोनियर व्हीनस ऑर्बिटरमुळे. ४ डिसेंबर १९७८ला ते शुक्राच्या कक्षेत शिरलं आणि १९९२पर्यंत मोजत राहिलं. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे शुक्राच्या वातावरणाचा वरचा थर विद्युतवाहक होतो. सौर वारा सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येतो. ते या थरावर आदळलं की थरात विद्युतप्रवाह सुरू होतात आणि क्षेत्राला सहजी आत शिरू देत नाहीत. मग क्षेत्ररेषा समोर दाटतात, ग्रहाभोवती वळतात आणि मागे लांब शेपटासारख्या ओढल्या जातात. शुक्राची ढाल अशी वाऱ्यानेच आणलेल्या सामानातून उभी राहते.

आणि शुक्राचं स्वतःचं चुंबकत्व? त्याची मर्यादा पृथ्वीच्या एक लाखांशाहूनही खाली आली. इतक्या मोजमापांनंतरही शास्त्रज्ञ तिथे शून्य लिहीत नाहीत, ‘यापेक्षा कमी’ असंच लिहितात. माझ्या कोडमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.