बँकदर आणि मस्टर

मंदीवर दोन उपाय सांगितले जातात. रिझर्व्ह बँकेने व्याजदर उतरवावा, म्हणजे कर्जे निघतील. किंवा सरकारने स्वतः खर्च करावा, म्हणजे हाताला काम मिळेल. वर्गात मी हे दोन रकान्यांत लिहितो. पण त्यांतला भेद मला पुस्तकाआधी आजीने शिकवला. १९७२च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात ती खडी फोडायला जात होती.

तिच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणून तारण नव्हते. ३१ मे १९७३ रोजी महागाई आवरण्यासाठी बँकदर ६ वरून ७ टक्क्यांवर गेला. तो उतरला असता तरी तिला कर्ज कोण देणार होते? तिच्यापर्यंत पोचले ते मस्टर. त्याच महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती.

पुढे रोजगार हमीसाठी १९७५ साली व्यवसाय कर आला, १९७७ साली कायदा झाला. शहरी पगारदाराचा पैसा खेड्यातल्या मजुराकडे वळला. काम ही भीक न राहता हक्क ठरला.

पण हिशेब इथे संपत नाही. पाझर तलावांची माती भूमिहीनांनी वाहिली. पाणी पाझरले जमीनवाल्यांच्या विहिरींत. पोट जगले, मालकी हलली नाही. आज माझ्याही पगारातून व्यवसाय कर कापला जातो. म्हणून सरकारने खर्च किती केला, एवढ्यावर माझे समाधान होत नाही. त्यातून जे उभे राहिले ते कोणाच्या नावावर चढले, हेही आपण विचारले पाहिजे.