खंडीचा अर्थ कोण लावतो?

वऱ्हाडातल्या धामणगाव रेल्वेच्या बाजार समितीत कापसाचा भाव क्विंटलवर ठरतो. तोच कापूस जिनिंगमधून रुई होऊन बाहेर पडला की सौदा खंडीवर जातो. खंडी म्हणजे 784 पौंड, किलोत 355.62, व्यापारी सरळ 356 धरतात. 1956च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी रुईच्या बाजारातून खंडी हटली नाही. हा हिशोब करणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचा तर 'डिफाइन' वापरून 356ला 'खंडी_किलो' असे नाव देता येते. ती सोय जुनी आहे: 1972-73च्या सुमारास सीला अशा नावांच्या जागी आकडे भरणारा प्रीप्रोसेसर जोडला गेला, तेव्हाची. पण प्रोग्रॅममध्येच लिहिलेल्या एसक्यूएल क्वेरीत हे नाव घातले, तर ओरॅकलच्या प्रो-सीमध्ये ते चालत नाही. दोष नावाचा नाही, पाळीचा आहे. प्रो-सी आधी चालतो आणि क्वेरी उचलून तिच्या जागी सीमधले फंक्शन कॉल ठेवतो. 'डिफाइन' उलगडणारा प्रीप्रोसेसर मागून येतो, तोवर क्वेरी त्याच्या हातून गेलेली असते. डेटाबेसला खंडी_किलो हा एखादा कॉलम वाटतो.

नाव ठरवून भागत नाही. त्याचा अर्थ कोण आणि केव्हा लावतो, यावर सगळे असते. वऱ्हाडच्या बाजारालाही हे लागू पडते. 1897च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजारांना नियम दिले, पण अंमलबजावणीची समिती पाच जणांची: दोन नगरपालिकेचे, तीन कापूस व्यापारी. ज्याचा कापूस, त्या शेतकऱ्याला जागाच नव्हती. नियम कागदावर कितीही नेटके असोत, ते वाचणारी बाजू एकच होती.

कोणी म्हणेल, मग क्वेरीत थेट 356 लिहा. पण तो आकडा खंडीचा की आणखी कशाचा, हे दोन वर्षांनी कोण सांगणार? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: असे आकडे टेबलातच ठेवावेत. हमीभावापुरते ते पटते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2024-25ला क्विंटलमागे 7521 रुपये होता, पुढच्या हंगामात 8110 झाला. खंडी मात्र हंगामागणिक बदलत नाही. तिच्यासाठी टेबल कशाला? आकडा सीच्या व्हेरिएबलमध्ये घालून क्वेरीत त्याच्या नावाआधी कोलन दिला की काम होते. पोस्टग्रेस डेटाबेससाठी प्रो-सीचेच काम करणाऱ्या ईसीपीजीने तर स्वतःचे वेगळे 'डिफाइन' दिले आहे, क्वेरी वाचणाऱ्यालाच कळणारे. 356 की 355.62, हा वाद मग एकाच ओळीत मिटतो. तसे न केल्यास शंभर खंडींमागे 38 किलोंचा फरक पडतो, आणि तो कोणत्या क्वेरीतून शिरला हे शोधत बसावे लागते.