मांडवीपलीकडे रणगाडे

उठा! शिंपल्यांची तावदानं अजून थरथरताहेत. भारतीय विमानांनी बांबोळीच्या रेडिओ केंद्रावर मारा केलाय, आणि गल्लीतली कुत्री थांबायला तयार नाहीत. १८ डिसेंबर १९६१. तुम्ही पोर्तुगीज गोव्यात, पणजीतल्या एका स्वयंपाकघरात उभे आहात, ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जातोय. चहा घ्या, सिलोनचा आहे. टोपलीतले बटाटे हॉलंडचे. बेळगाव हाकेच्या अंतरावर, तरी दिल्लीने गोव्याची नाकेबंदी केल्यापासून बटाटासुद्धा बोटीने येतो. सैन्य न पाठवता दबाव आणायचा म्हटलं, तरी त्याची झळ शेवटी चुलीलाच लागते.

दिवसभर बाजार बंद. लांबून धडाम आवाज येतात. माघार घेणारे पोर्तुगीज पूल उडवताहेत. संध्याकाळी धक्क्यावर चला. मासळीचा वास, घामेजलेली गर्दी, आणि नदीपल्याड बेतीला चक्क भारतीय रणगाडे! शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम आहे. तुमच्या शेजारणीने मुलांना खाटेखाली झोपवलंय. आज रात्री तुम्हालाही झोप नाही.

आणि रात्रभर मनात येतं, हे रणगाडे सहा वर्षं आधी का नाही आले? १५ ऑगस्ट १९५५ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा दिल्लीने सैन्य हलवलं नाही. तो उशीर झाला, असं मला मनापासून वाटतं. पण बळ वापरलं ते कसं, हे सकाळी डोळ्यांनी बघा.

साडेसात वाजलेत. शीख जवान नदी ओलांडून येताहेत, एकही गोळी सुटत नाही. मागून येणाऱ्यांना ब्रिगेडियर सगत सिंग यांचा हुकूम आहे: पोलादी शिरस्त्राणं काढा, मरून बेरे टोप्या घाला. शहर जिंकायला नाही, भेटायला आल्यासारखे दिसा. गर्दीत कोणी पायावर पाय देतं, कोणी गळ्यात पडतं, झेंडूचा चुरा तुमच्या सदऱ्याला चिकटतो.

वर बघा! विमानाला लाऊडस्पीकर बांधलाय. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई, सहा वर्षं जंगलातून गुप्त रेडिओ चालवणारे, आकाशातून सांगताहेत की गोवा मुक्त झाला. इतकी वर्षं दारं लावून, कान रेडिओला चिकटवून ऐकलेला आवाज आज अख्ख्या पणजीवर घुमतोय. शेजारचा म्हातारा बेंबीच्या देठापासून ओरडतोय. तुम्हीही ओरडा!