विलायती बत्तीसची पारख

बेल्जियममधील लीज शहराजवळ हर्स्टाल येथे असलेल्या फॅब्रिक नासिओनाल या कारखान्यात विसाव्या शतकाच्या उदयाबरोबर जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन यंत्रकाराच्या आराखड्याबरहुकूम जे चपटे, अंगरख्याच्या खिशात सहज मावणारे, सात गोळ्यांचे पिस्तूल घडू लागले, त्याचे नाव महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले ते कोणा व्यापाऱ्याच्या जाहिरातीमुळे नव्हे, तर २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सन याच्यावर झाडलेल्या गोळ्यांमुळे. लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्या हाती पेटीच्या चोरतळात दडवून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस धाडल्याची हकीकत पुढे खटल्याच्या दफ्तरात नमूद झाली, आणि तेव्हापासून ‘ब्राउनिंग’ हा शब्द मराठी माणसाच्या कानात एकाच वेळी भयाचा आणि कौतुकाचा ध्वनी घेऊन वावरू लागला. त्याच कारखान्याची, त्याच काळातील आणि पुष्कळदा त्याच तोंडवळ्याची पिस्तुले कायदेशीर मार्गानेही या देशात आली आणि परवानाधारकांच्या कपाटांतून पिढ्यानपिढ्या हस्तांतरित होत आजही विकली जातात. या दुसऱ्या, निमूट प्रवाहाकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

वास्तविक हा प्रवाह कोणत्या पात्रातून वाहावा हे आरंभापासून सरकारने ठरविले. लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८ साली झालेल्या शस्त्रास्त्र कायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरविले आणि युरोपियनांस मात्र त्यातून मोकळे ठेवले. या पंक्तिप्रपंचाविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच आवाज उठविला, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही अंतर्भूत झाला. स्वतंत्र भारताच्या घटनेत मात्र त्या हक्कास स्थान मिळाले नाही, आणि मिळाले नाही हे बरेच झाले असे मला वाटते. कलेक्टरच्या सहीचा परवाना ही त्यामुळे कित्येक दशके केवळ संरक्षणाची नव्हे तर राजमान्यतेची खूण ठरली. संस्थानिक, इनामदार, जहागिरदार, बडे वकील आणि सावकार यांच्या घरी दिवाणखान्यातील घड्याळाइतकेच पिस्तूलही मानाचे मानले जाई, आणि ते मुंबईत काळाघोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या दुकानातून किंवा कलकत्त्याच्या नामांकित पेढ्यांतून मागविलेले असे. अशाच एका पेढीचा, रोडा कंपनीचा, पन्नास माउझर पिस्तुलांचा आणि शेचाळीस हजार काडतुसांचा माल ऑगस्ट १९१४ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी भर दिवसा लांबविला, तेव्हा व्यापाराचे आणि बंडाचे कोठार एकच असल्याची जाणीव सरकारास नव्याने झाली असेल.

कायद्याचा हात केवळ खरेदीदारापर्यंत पोहोचून थांबला नाही. तो थेट विलायतेतील नळीच्या व्यासापर्यंत गेला. खासगी बाजारातील काडतुसे बंडखोरांच्या हाती पडलेल्या लष्करी रायफलींसाठी वापरली जाऊ नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ४५० बोअरच्या रायफलींस बंदी झाली, आणि इंग्लंडातील बंदूककारांना वाघ-हत्तींच्या शिकाऱ्यांसाठी ४७० आणि ४६५ अशी नवीच मापे काढावी लागली. याच विचारसरणीचा वारसा १९५९ च्या, आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आलेल्या, स्वतंत्र भारताच्या कायद्याने चालविला. फौजेची आणि पोलिसांची मापे, म्हणजे ९ मिलिमीटर, ३८, ४५५ इत्यादी, निषिद्ध बोअरच्या सदरात गेली आणि सामान्य परवानाधारकाच्या वाट्यास पिस्तूल म्हणून मुख्यतः बत्तीस बोअर उरले. युरोपात ज्या काडतुसास ७.६५ मिलिमीटर म्हणतात आणि जे ब्राउनिंगने आपल्या पहिल्या पिस्तुलासाठी सिद्ध केले, तेच हे. तिकडे हे माप केव्हाच जुन्या पिढीचे ठरले असता इकडे ते मानाच्या आसनावर विराजमान राहिले, याला त्याचे गुण कारण नसून केवळ सरकारी वर्गवारी कारण आहे.

पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास व्यापाऱ्यांना परदेशी शस्त्रे आयात करण्याची मुभा बंद झाली. परदेशातील वास्तव्य संपवून परतणारे आणि नामांकित नेमबाज यांच्यापुरती दारे किलकिली राहिली, आणि बाकीच्यांसाठी देशात आधीच येऊन पडलेला माल हाच सर्व माल झाला. विहिरीचा झरा आटल्यावर तळातल्या पाण्याचे जे होते ते या पिस्तुलांचे झाले. आजोबांनी काही शे रुपयांत घेतलेली वेब्ली अँड स्कॉट, कोल्ट, वॉल्थर किंवा ब्राउनिंग नातवाच्या हयातीत लाखांच्या घरात गेली. हार्टफर्डला, बर्मिंगहॅमला किंवा हर्स्टालला त्या पोलादाचे जे मोल, त्याच्याशी या किमतीचा काडीचा संबंध उरला नाही. १९९० च्या दशकात कानपूरच्या सरकारी कारखान्याचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आले, तरी ‘विलायती’ या विशेषणाची मोहिनी ओसरली नाही.

अशा बाजारात पारख हीच एक विद्या होते. तिचा पहिला पाठ हत्यार रिकामे असल्याची खात्री करणे, म्हणजे मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून, नळीच्या मागील घरात डोळ्यांनी पाहून आणि करंगळीने चाचपून काडतूस नसल्याचे ठरविणे, हा होय. आणि ज्या विक्रेत्यास या विधीचा कंटाळा येतो त्याच्याशी सौदाच करू नये. त्यानंतर पाहावयाची ती चिन्हे. युरोपातील बहुतेक बंदूककार देशांत विक्रीपूर्वी नळीत वाजवीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस डागून तिची कसोटी घेण्याची सक्ती होती, आणि कसोटीस उतरल्याची मुद्रा धातूवर ठोकली जाई. लंडनच्या बंदूककार मंडळीस १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले. त्यांच्या मुद्रांत मुकुट आणि अक्षरे असतात. लीजची ओळख ई-एल-जी या अक्षरांच्या लंबवर्तुळावरून आणि छोट्या स्तंभाच्या चिन्हावरून पटते. जर्मन मालावर मुकुटाखाली एन हे अक्षर असेल तर ते साधारणपणे १९४० पूर्वीचे, आणि गरुडाखाली असेल तर त्यानंतरचे. भिंग धरून वॉल्थरच्या स्लाइडवरील हा एवढासा पक्षी पाहिला की विक्रेत्याने रंगविलेली ‘लढाईपूर्वीच्या’ मालाची कहाणी तिथल्या तिथे कोसळते. ब्राउनिंगच्या १९१० च्या नमुन्यावर सांगाडा, स्लाइड आणि नळी या तिहींवर क्रमांक असतो. तिन्ही जुळले तर पिस्तूल कारखान्यातून निघाले तसे आहे. नळीचा क्रमांक वेगळा निघाला तर कुठेतरी, कधीतरी दोन हत्यारांचे एक झाले आहे असे समजावे.

स्पॅनिश मालाविषयी विशेष सावध असावे, असे जुने दुकानदार सांगत, आणि त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला पिस्तुलांचा इतका तुटवडा पडला की १९१५ पासून आयबार येथील गाबिलोंदो कारखान्याकडे ‘रूबी’ नावाच्या, ब्राउनिंगच्याच घडणीवर बेतलेल्या पिस्तुलाची मागणी नोंदविली गेली, आणि महिन्याकाठी हजारोंचा भरणा एका कारखान्याच्या आटोक्याबाहेरचा असल्याने गावोगावच्या लहानमोठ्या कार्यशाळांनी तीच वस्तू आपापल्या बुद्धीने व आपापल्या मापाने घडविण्यास आरंभ केला. कोणाचे पोलाद उत्तम, कोणाचे मऊ. एकाचे मॅगझिन दुसऱ्यात बसेना, आणि शेवटी मॅगझिनवर आणि पिस्तुलावर कारखानदाराची आद्याक्षरे ठोकण्याची वेळ आली. युद्ध संपल्यावर या स्पॅनिश घराण्याचा माल जगभर पसरला. त्यात चांगले नग नसतातच असे नव्हे. परंतु मूळ मॅगझिन हरवलेले स्पॅनिश पिस्तूल म्हणजे कायमची डोकेदुखी, कारण बदली मिळणे जवळजवळ अशक्य.

चिन्हांनंतर नळी, आणि इथे आपल्या हवामानाचा प्रश्न उपस्थित होतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते उडाले की नळीत मिठाच्या जातीचा क्षार मागे राही, आणि हा क्षार तेलात विरघळत नाही, फक्त पाण्यात विरघळतो. इंग्रज शिपायाला गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिकवण असे ती याचसाठी. आपल्याकडील कित्येक मालकांनी मात्र दसऱ्याला शस्त्रपूजेच्या निमित्ताने दोन गोळ्या हवेत झाडून नळीत मोठ्या भक्तिभावाने तेल सोडले आणि पिस्तूल पुन्हा पेटीत ठेवले. क्षार तेलाखाली सुखाने नांदला, आणि रत्नागिरी-अलिबागकडच्या चार महिन्यांच्या ओलीत त्याने हवेतील पाणी शोषून पोलादाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडले. म्हणून नळीत मागून पांढरा कागद धरून प्रकाशात पाहावे. मळसूत्री खाचांच्या कडा स्पष्ट असतील आणि तळाशी नुसता करडेपणा असेल तर तो दोष क्षम्य मानावा. कडाच खाल्ल्या गेल्या असतील, किंवा एके ठिकाणी अंगठीसारखी काळी कडी दिसली, तर कधीतरी अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी सुटून नळी फुगली आहे असे समजून हात आखडता घ्यावा. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवलेल्या पिस्तुलाची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक खराब असते, कारण कमावलेल्या चामड्यातील क्षार आणि ओल त्या बाजूस सतत लागून राहते. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा करावी लागणारी हत्यारे पोलिसांच्या मालखान्यात चिठ्ठी बांधून पडून राहतात. तेथील ओरखडे आणि गंज यांचा हिशेब मालकाच्या निष्काळजीपणात धरू नये, एवढा न्याय विक्रेत्यास द्यावा.

सांगाडा आणि स्लाइड यांविषयी मात्र दयामाया नको. जुन्या ब्राउनिंग, कोल्ट, वेब्लीचे सांगाडे पोलादाचे. ते सहसा तडकत नाहीत, पण घोडा किंवा चाप ज्या खिळींवर फिरतो त्यांची छिद्रे झिजून लंबगोल होतात, आणि स्लाइड हातात धरून डावी-उजवीकडे हलविली असता खुळखुळते. वजन कमी करण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे सांगाडे निघाले, ते हलके खरे, परंतु पोलादी खिळी मऊ धातूस लवकर खातात. पश्चिम जर्मनीच्या सैन्यातील पी-१ या पिस्तुलाच्या हलक्या सांगाड्यात १९७० च्या दशकात आडवी पोलादी खीळ बसवावी लागली ती याच दुबळेपणामुळे. ‘धातूचा सांगाडा’ असा शब्दप्रयोगच मुळी अलीकडचा आहे. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉकचे प्लास्टिकी पिस्तूल स्वीकारीपर्यंत पिस्तूल धातूचेच असते हे सांगण्याची कोणास गरज नव्हती.

उरली ती बाह्य झळाळी, आणि या बाबतीत माझे मत बाजाराच्या उलट आहे. कारखान्यातली निळसर झिलई कडांवर घासून पांढरी झालेले, मुठीजवळ तपकिरी पडलेले, परंतु अक्षरे स्पष्ट असलेले पिस्तूल मला निकेलचा लखलखीत मुलामा चढविलेल्या पिस्तुलाहून शतपट विश्वासार्ह वाटते. मुलाम्यापूर्वी पृष्ठभाग घासावा लागतो. त्या घासण्यात मुद्रा पुसट होतात, कडा गोल होतात आणि गंजाचे खड्डे बुजतात. सांगाडा मूळचाच मुलाम्याचा होता की मागाहून चढविला, हे कळण्यासाठी स्क्रूंच्या खाचा पाहाव्यात: खाचा फाटलेल्या आणि खाचेच्या तळातही चमक, तर ते काम बहुधा एखाद्या स्थानिक मिस्त्रीचे. इतके असूनही गिऱ्हाईक चकाकीवर भाळते आणि विक्रेता तेवढ्यासाठी किंमत चढवितो. ऐतिहासिक महत्त्वास मात्र या बाजारात स्थान नाही. चंद्रशेखर आझादांचे कोल्ट अलाहाबादच्या संग्रहालयात आहे, पण त्याच कोल्टचे भावंड दुकानात आले असता खरेदीदार विचारतो ते एवढेच, की मॅगझिन एक आहे की दोन.

हत्यार पसंत पडल्यावर कागदांची पारख सुरू होते, आणि तीत चुकलेला माणूस नळीत चुकलेल्याहून अधिक पस्तावतो. परवानाधारकाने आपले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकास विकावयाचे तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदारास लेखी खबर देऊन पंचेचाळीस दिवसांची मुदत जाऊ द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाच्या नावावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याचे बंधन आल्यापासून अशा अर्जांची आवक साहजिकच वाढली. त्या मुदतीत हुशार खरेदीदार स्वस्थ बसत नाही. तो मूळ मालकाच्या परवान्यावरील नोंद आणि पोलादावरील अक्षरे समोरासमोर ठेवून पाहतो, कारण स्लाइडवरचा फ्रेंच मजकूर एके काळी एखाद्या कारकुनाने ऐकीव उच्चाराने उतरवून घेतलेला असू शकतो, क्रमांकातला ‘१’ कधी ‘७’ झालेला असतो, आणि नूतनीकरणाच्या प्रत्येक वेळी तीच चूक विश्वासाने पुढे नकलून घेतली जाते. ती दुरुस्त करून घेण्याचा अर्ज विक्रेत्याच्याच सहीने, विक्रीपूर्वीच, दफ्तरात दाखल व्हावा लागतो. आणि म्हणून इसार देण्यापूर्वी भिंगाखाली क्रमांकाचा एकेक आकडा परवान्याशी ताडून पाहावा, मग नळीत कागद धरावा.