बुटाखालचे लोखंड

शिखरावर कोण पोचला हे इतिहास लिहून ठेवतो. त्याच्या पायात काय होते हे क्वचितच सांगतो. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आमची नजर आधी हत्याराकडे आणि मग ते घडविणाऱ्या हाताकडे जाते.

आल्प्स पर्वतावर चढणारे लोक पूर्वी खिळे ठोकलेले बूट वापरीत. तीव्र उताराच्या बर्फावर ते पुरे पडत नसत. मग पुढचा वाटाड्या कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदी आणि मागचे साहेब तीवर पाऊल ठेवीत. घाम एकाचा, गौरव दुसऱ्याचा! १९०८ साली ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज इंजिनिअराने बुटाखाली बांधावयाच्या दहा काट्यांच्या सांगाड्याची आखणी केली. यालाच क्रॅम्पॉन म्हणतात. तो घडविला इटलीतील कुरमायर गावच्या आंरी ग्रिवेल या लोहाराने. १९२९ साली त्याचा मुलगा लोरां याने पुढच्या बाजूस आणखी दोन काटे काढले. आता सरळ बर्फात पाय रोवता येऊ लागला.

त्याची कसोटी १९३८ च्या जुलैत स्वित्झर्लंडमधील आयगरच्या उत्तर कड्यावर लागली. हाररजवळ क्रॅम्पॉन नव्हतेच. कास्पारेकजवळ दहा काट्यांचे होते. दोघे पायऱ्या खोदीत चालले होते. मागाहून निघालेले हेकमायर आणि फर्ग बारा काट्यांवर भराभर चढत आले आणि त्यांनी त्यांना गाठले. पुढे चौघे एकत्र झाले व २४ जुलैला माथ्यावर पोचले.

पण नुसते चांगले लोखंड पुरत नाही. ते बुटाला बसले पाहिजे. तळ मऊ असेल तर बूट वाकतो आणि क्रॅम्पॉन निसटतो. म्हणून पट्टे न आवळता बूट उचलून पाहावा. सांगाडा तळाला धरून राहिला पाहिजे. पुढचे काटे बुटाच्या टोकाबाहेर आलेले हवेत. पट्ट्याची बक्कले बाहेरच्या अंगास घ्यावीत, म्हणजे दुसऱ्या पायाचा काटा त्यांत अडकत नाही. टाच व चवडा पकडणारा खटक्याचा क्रॅम्पॉन घ्यावयाचा तर बुटाला तशा खाचा हव्यात. नसतील तर पट्ट्यांचाच बरा. आणि ही जुळणी घरी करावी, बर्फावर गारठलेल्या बोटांनी नव्हे.

कारखान्यातही हेच आहे. सर्वांना एकाच मापाचे हातमोजे वाटले म्हणजे नोंदवहीत सुरक्षितता दिसते, हातात नाही. म्हणून यापुढे कोणी हिमशिखराची कथा सांगू लागला, तर आपण एवढे अवश्य विचारावे: ओझे वाहणाऱ्या शेवटच्या हमालाच्या बुटाला लोखंड होते काय, आणि ते त्याच्या मापाचे होते काय?